कुमारी स्तूल्का हिचा जन्मदाखला

ब्यार्की स्टेनारसॉनला आयुष्यात एकाच गोष्टीचा अभिमान होता. त्यानं भरलेला अर्ज आजवर कुठल्याही कचेरीतून परत आला नव्हता. आइसलँडातल्या अकुरेरी गावी घरोघर गरम पाणी पुरवणाऱ्या खात्यात तो मीटर विभागात होता. लोकांनी भरून दिलेले अर्ज तपासायचे आणि चूक दिसली की तिच्याभोवती लाल गोल काढायचा, हे त्याचं काम. सतरा वर्षं दुसऱ्यांच्या चुकांना गोल काढले की आपण स्वतः चुकत नाही अशी माणसाची समजूत होते. त्यात त्या बिचाऱ्याचा तरी काय दोष?

नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्याला मुलगी झाली आणि चौथ्याच दिवशी पोलंडहून सासऱ्यांचा फोन आला. सासरे म्हणजे तेओफिल झाविस्तोव्स्की (लेकीच्या नावापुढे तेच झाविस्तोव्स्का होतं), वय वर्षं एक्क्याऐंशी, रेल्वेतले निवृत्त तिकीट तपासनीस. छातीत पाणी झाल्यामुळे महिनाभर गावच्या दवाखान्यात पडून होते. डॉक्टरांनी नाताळापर्यंतची मुदत दिली होती आणि तीही जरा आढेवेढे घेत.

"जावईबापू," ते म्हणाले, "पोरगी तुमच्याकडची झाली, आनंद आहे. आमच्याकडची कधी होणार?"

"ती जन्मतःच दोन्ही देशांची आहे, बाबा," ब्यार्की आपल्या मोडक्यातोडक्या पोलिशमध्ये म्हणाला.

"हे तोंडी झालं. कागद कुठाय? इथल्या दफ्तरात नोंद होऊन दाखला माझ्या हातात पडला की मी मरायला मोकळा."

बायको किंगा खाटेवरून खुणा करत होती, की मी बोलते, तू जपून. तिचं पोट फाडून बाळ काढलेलं. तिला दोन महिने विमानात बसायची बंदी होती. वडिलांना भेटायला जाता येत नाही म्हणून आधीच डोळ्यांना धार लागलेली. ब्यार्कीनं तिच्याकडे पाहिलं, त्याच्या छातीत काहीतरी भरून आलं आणि तो ठणकावून म्हणाला, "पंधरा दिवसांत तुमच्या हातात!" माणसानं धीर द्यावा, पण आकडा देऊ नये.

"एवढा एक कागद बाबांना बघायला मिळू दे," फोन ठेवल्यावर किंगा म्हणाली. "मी बाकी काही मागत नाही. आणि अर्ज भरायच्या आधी बारसं उरकू या का? आईचं नाव ठेवलंय हे कळलं तर बाबा..."

"श्श्!" ब्यार्कीनं तिच्या तोंडावर हातच ठेवला.

आइसलँडात बारशाआधी बाळाचं नाव कोणी उच्चारत नाही. आईबापांनी ते पोटात ठेवायचं, आणि धर्मगुरूंनी सगळ्यांसमोर पहिल्यांदा मोठ्यानं घ्यायचं. सहा महिने लागले तरी सरकार काही म्हणत नाही. ब्यार्कीची आई सोल्वेग या बाबतीत फार कडक. "नाव आधी फुटलं की पोराला लागत नाही," असं ती म्हणायची आणि पुराव्यादाखल एका चुलतभावाचं उदाहरण द्यायची, ज्याचं पुढे काहीच धड झालं नव्हतं. शिवाय बारशाला घराण्याचं झबलं हवं. दीडशे वर्षांचं ते झबलं पश्चिमेकडच्या खाडीवर मामाकडे, आणि मामाच्या वाटेतला घाट बर्फानं बंद. त्यानंतरच्या आठवड्यांत एकदा बारसं पुढं गेलं, दोनदा गेलं, तिसऱ्यांदा तर केक आणून खाऊन झाला तरी मामाचा पत्ता नाही.

"नाव आणि कागद यांचा काय संबंध?" ब्यार्की म्हणाला. "तू पडून राहा. मी एकटा करतो सगळं. तू तर कागदाला हातही लावायचा नाहीस."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

आता कुठलंही काम निघालं की अकुरेरीचा माणूस आधी पोहण्याच्या तलावावर जातो. पोहायला नव्हे. तिथं गरम पाण्याचं एक कुंड आहे, त्यात गळ्यापर्यंत बुडून बसायचं आणि दुसऱ्यांच्या संसाराचा निकाल लावायचा. वरून बर्फ पडतंय, दुपारी तीनलाच अंधारलंय, आणि पाण्याबाहेर नुसती डोकी. उंटावरून शेळ्या हाकणारे निदान उंटावर तरी चढतात. इथं तेही कष्ट नाहीत.

"पोलंडचं काम?" थोरहाल्लुर म्हणाला. हा ब्यार्कीचा खालच्या मजल्यावरचा शेजारी, निवृत्त बोटमालक, डोक्यावर लोकरी टोपी. "मला विचार. मी तिकडच्या बंदरात नऊ वर्षं जाळी विकली. तिकडे माणसाला मान नाही, शिक्क्याला आहे. एक शिक्का मागतील तिथं तू तीन मारून ने."

"तीन कुठून आणू?"

"परराष्ट्र खात्याचा एक. जन्मनोंदणीचा एक. तिसरा कुठलाही मार. तुमच्या मीटर विभागाचा मार. गोल असला म्हणजे झालं."

"आणि भाषांतर शपथेवरचंच कर," कुंडातलं दुसरं डोकं म्हणालं. "माझ्या सुनेनं साधं केलं होतं. तिचं लग्नच अजून तिकडे झालेलं नाही."

ब्यार्कीनं जन्माचा दाखला काढला, दोन शिक्के मारून घेतले (तिसऱ्याचा मोह त्यानं महत्प्रयासानं आवरला) आणि शपथेवरच्या भाषांतरकाराकडे रेक्याविकला गाडीनं निघाला. टपालावर त्याचा विश्वास नव्हता. तीन तासांवर घाट बंद. माघारी आला. दोन दिवसांनी पुन्हा निघाला, पुन्हा बंद, आणि पुढेही गाड्या, मागेही गाड्या, त्यामुळे माघारीही येता येईना. सहा तास तो एका सॉसेजवर गाडीत बसून होता. तिसऱ्या खेपेला कागद पोचला. परतीच्या वाटेवर पुन्हा अडकलेला असताना भाषांतरकाराचा फोन आला.

"एक विचारायचं होतं. नावाच्या रकान्यात जे आहे, ते तसंच ठेवू? नियमाप्रमाणे नावांचं भाषांतर मी करत नाही."

दुसरा एखादा म्हणाला असता, का हो, काय आहे नावाच्या रकान्यात? पण समोर वायपर गोठलेले, पाय गारठलेले, आणि आपल्या कागदात कोणी शंका काढतोय ही कल्पनाच ब्यार्कीला सहन होईना.

"जसं आहे तसंच," तो म्हणाला. "अक्षर इकडचं तिकडे करायचं नाही. मी स्वतः तपासलाय तो कागद."

तपासला होताच. तारीख, वेळ, वजन, दोन्ही शिक्के, सगळं. फक्त नावाचा रकाना त्यानं वाचला नव्हता. आपण पत्राच्या माथ्यावरचं 'श्री' वाचतो का? तसंच ते. बारसं न झालेल्या प्रत्येक बाळाच्या कागदावर तिथं एकच शब्द असतो. मुलगा असेल तर मुलगा, मुलगी असेल तर मुलगी. ब्यार्की स्वतः नऊ आठवडे कागदोपत्री नुसता 'मुलगा' होता. त्या शब्दावर त्याच्या देशात कोणाची नजरच ठरत नाही.

कागद पोलंडला गेले. पंधरा दिवसांची मुदत तोवर केव्हाच उलटून गेली होती. रोज संध्याकाळी सासऱ्यांचा फोन यायचा. "जावईबापू, गाडी कुठल्या स्टेशनात आहे?" एवढंच विचारायचे. आवाज दिवसेंदिवस बारीक होत चाललेला. किंगा फोन ठेवला की बाळाला घेऊन भिंतीकडे तोंड करून बसायची.

मग एका सकाळी सासऱ्यांच्या गावच्या नोंदणी कचेरीतून ग्राझिनाबाईंचा फोन आला.

"साहेब, तुमच्या प्रकरणात घोडं अडलंय. बापाचं आडनाव स्टेनारसॉन?"

"हो."

"आईचं झाविस्तोव्स्का?"

"हो."

"मग पोरीच्या आडनावातला हा ब्यार्का कोण?"

"मी."

"तुम्ही तर स्टेनारसॉन."

"स्टेनार माझे वडील. मी स्टेनारचा मुलगा, म्हणून स्टेनारसॉन. ती ब्यार्कीची मुलगी, म्हणून ब्यार्कादोत्तिर."

"ते कळलं. पण घराण्याचं आडनाव काय?"

"नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाहीच. आमच्याकडे कोणालाच नसतं."

"अरेरे," ग्राझिनाबाई म्हणाल्या, आणि त्या इतक्या मनापासून म्हणाल्या की ब्यार्कीला चाळीस वर्षांत पहिल्यांदाच आपण पोरके असल्यासारखं वाटलं. "ठीक आहे. तेओफिलसाहेबांसाठी करते काहीतरी. मग बाकी सगळं कागदाबरहुकूम लिहू ना?"

"अगदी बरहुकूम," ब्यार्की म्हणाला.

बाई भल्या. दाखला टपालात न टाकता जेवणाच्या सुट्टीत त्या स्वतः दवाखान्यात घेऊन गेल्या. त्या गावात तेओफिलना न ओळखणारं कोणी नव्हतं, कारण निम्म्या गावाला त्यांनी कधी ना कधी विनातिकीट पकडलं होतं. त्या संध्याकाळी फोन वाजला तेव्हा सोल्वेगही घरात होती. किंगानं सगळ्यांना ऐकू जाईल असा फोन टेबलावर ठेवला. तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला होता.

"आला कागद," तेओफिल म्हणाले. दोन शब्दांमध्ये दम घेत होते. "सरकारी गरुड आहे, शिक्का आहे, सही आहे. जावईबापू, मानलं तुम्हाला. पण नाव हे कुठलं काढलंत?"

"कुठलं नाव, बाबा?" किंगानं विचारलं. "अजून बारसं..."

"स्तूल्का."

सोल्वेगच्या हातातला कप बशीवर आपटला.

"शेजारच्या खाटेवरचा म्हणतो, तिकडच्या बर्फातली कुणी संतीण असेल. मी रोज एका संताचं नाव असलेलं कॅलेंडर मागवून जानेवारीपासून चाळलं. स्तूल्काचा नामदिवस कुठंच नाही. आता हिला कार्ड कोणत्या तारखेला धाडायचं? पण असो. कागदावर आहे म्हणजे आहे. सकाळपासून सवय करतोय. स्तूल्का. स्तूल्का. जमतंय ना?"

"जमतंय, बाबा," किंगा म्हणाली आणि तिनं फोन बंद केला.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. तिनं बाळाला खांद्यावर घेतलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "लोकांच्या मीटरचे आकडे दिसतात तुला. स्वतःच्या लेकीच्या नावाच्या जागी 'मुलगी' लिहिलंय ते दिसलं नाही?"

"आमच्याकडे सगळ्यांच्याच कागदावर..."

"तुमच्याकडे! पाठवायचा होता कुठं तो कागद? मी म्हटलं होतं, आधी बारसं करू या. आपण झबल्यासाठी थांबलो, ब्यार्की. झबल्यासाठी!"

"झबल्याला काही बोलू नकोस गं," सोल्वेग म्हणाली खरी, पण तिचाही आवाज पडला होता.

दुसऱ्या दिवशी कुंडात बातमी ब्यार्कीच्या आधी पोचली होती. सगळी डोकी त्याच्याकडे वळली. थोरहाल्लुर म्हणाला, "मी म्हटलं होतं, तिसरा शिक्का मार." ब्यार्की कपडे न काढताच माघारी फिरला. गाडीत जाऊन बसला, काचेवर बर्फ साचू दिलं, आणि सासऱ्यांना फोन लावला.

"बाबा, स्तूल्का हे नाव नाही."

"मग काय आहे?"

"आमच्या भाषेत त्याचा अर्थ मुलगी."

"कुणाची मुलगी?"

"कुणाची नाही. नुसती मुलगी. बारसं होईपर्यंत आम्ही तसंच लिहितो. चूक माझी आहे, बाबा. सगळी माझी."

आता सणसणीत 'जावईबापू' येणार म्हणून त्यानं डोळे मिटून घेतले. पण पलीकडून नुसता श्वास ऐकू येत राहिला, शिट्टी वाजल्यासारखा.

"महायुद्धानंतर सरहद्द सरकली तेव्हा आम्हाला मालगाडीत घालून इकडे आणलं," तेओफिल म्हणाले. "तीन वर्षांचा होतो. आई वाटेतच गेली, मी मावशीजवळ. एका शिपायानं डब्याची यादी केली. मावशीचं नाव. शिवणयंत्र, एक. शेळी, एक. मूल, एक. पुढं नोकरीला लागताना ती यादी मी डोळ्यांनी पाहिली. शेळीपुढं 'पांढरी' असं लिहिलं होतं. माझ्यापुढं काही नाही."

ब्यार्कीनं फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"तेव्हा ते दुरुस्त करा," तेओफिल म्हणाले. "पोरगी नग म्हणून राहता कामा नये. खरं नाव काय ठरवलंय?"

आईचा चेहरा ब्यार्कीच्या डोळ्यांपुढून गेला, तो काहीच धड न झालेला चुलतभाऊही गेला. मग तो म्हणाला, "अपोलोनिया."

पलीकडे खाट करकरली.

"हे बोलायला किंगानं सांगितलं?"

"नाही हो बाबा, आधीपासून ठरलंय! सासूबाईंचंच नाव..."

"म्हाताऱ्याचं मन राखताय. चांगलं आहे. पण मी एकेचाळीस वर्षं तिकिटं तपासली, जावईबापू. तिकीट घरी राहिलं म्हणणारे हजारांनी भेटले. दाखवा, मग मानीन."

त्यानंतर ब्यार्कीनं जे केलं ते त्याच्या स्वभावात बसणारं नव्हतं. तिसऱ्या दिवशी धर्मगुरूंना स्वयंपाकघरात आणलं. झबलं नाही, मामा नाही, केकही नाही. सोल्वेगनं आपला पांढरा टेबलक्लॉथ इस्त्री करून आणला आणि बाळाला त्यात गुंडाळलं. साक्षीदार म्हणून थोरहाल्लुर टोपी काढून उभा. नाव मोठ्यानं घेतलं गेलं, किंगा रडली, सोल्वेग रडली, आणि मामानं फोनवरून यापुढे संबंध संपल्याचं कळवलं. नव्या नावाचा नवा दाखला, त्याचं नवं भाषांतर, एकदा बंद घाट, एकदा रद्द झालेलं विमान, असं करत डिसेंबरच्या एकोणीस तारखेला ब्यार्की ते कागद शर्टाच्या आत घालून ग्राझिनाबाईंच्या खिडकीपुढे जाऊन उभा राहिला.

त्यांनी त्याला नखशिखांत न्याहाळलं. "तुम्हीच का ते आडनाव नसलेले?"

"मीच. किती दिवस लागतील?"

"नियमानं तीस." बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "सकाळी दवाखान्यात जाऊन आले मी. साहेब, तीस दिवस तुमच्याकडे नाहीत. बसा."

जेवणाची सुट्टी झाली, खिडकीचा पडदा ओढला गेला, बाकीची माणसं कुरकुरत निघून गेली. पडद्यामागे बाईंची बोटं घाईघाईनं चालत होती. पाऊण तासानं त्यांनी ओला शिक्का फुंकत कागद बाहेर सरकवला. आयुष्यात पहिल्यांदाच ब्यार्कीनं कागद न तपासता घेतला आणि पळत सुटला.

तेओफिल उशीला टेकून बसले होते. नाकात नळी, अंगाचा नुसता सापळा. जावयाला त्यांनी नमस्कारही केला नाही, हात पुढे केला. चष्मा लावला. कागद पुढून पाहिला, मागून पाहिला, खिडकीच्या उजेडापुढे धरला. मग वाचला.

"अपोलोनिया," ते म्हणाले. त्यांनी त्या शब्दावर अंगठा ठेवला आणि कितीतरी वेळ उचलला नाही. "सगळे तिला पोला म्हणायचे. पूर्ण नाव मी एकटाच घ्यायचो."

ब्यार्की खाटेच्या कडेला बसला. आपण रडतोय हे त्याला गालाला हात लावल्यावर कळलं.

"जावईबापू."

"काय, बाबा?"

"तुमच्या त्या दोत्तिरमध्ये 'ओ'वर तिरकी रेघ असते ना? पहिल्या कागदावर होती. यावर नाही."

ब्यार्कीनं पाहिलं. नव्हती. सतरा वर्षांची नोकरी, आणि चूक सासऱ्यांनी काढली.

"उद्या सकाळी पहिला नंबर लावून दुरुस्त करून आणतो."

"आणा," तेओफिल म्हणाले. त्यांना झालेला आनंद लपत नव्हता; बऱ्याच दिवसांनी कोणीतरी सापडलं होतं. "आजच्या दिवस राहू दे माझ्याकडे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्यार्कीनं खरंच पहिला नंबर लावला. ग्राझिनाबाईंनी पडदा सरकवला, त्याला पाहिलं आणि हसल्या. त्यानं दवाखान्यातून मिळालेला कागद खिडकीतून आत सरकवला. त्या गावात जन्माची आणि मृत्यूची खिडकी एकच आहे.

बाईंनी कागद वाचला आणि चष्मा काढून ठेवला. मग पुन्हा लावला आणि नोंद करायला घेतली. एकेक अक्षर त्या मोठ्यानं म्हणत होत्या आणि प्रत्येक अक्षराला ब्यार्की 'हो' म्हणत होता. जन्मगावाच्या रकान्याशी त्या जरा थांबल्या, कारण ते गाव आता सरहद्दीपलीकडे होतं, मग तोही भरला.

"आणि लेकीचा दाखला?" शेवटी त्यांनी विचारलं. "तो बरोबर होता ना?"

"'ओ'वरची रेघ राहिली होती. त्यांनी काढली चूक."

"काढणारच." बाईंनी डोळे पुसले. "आणा इकडे. पाच मिनिटांत नवा करून देते."

ब्यार्कीनं खिशातून कागद काढला. मधोमध एका अंगठ्याचा डाग होता. त्यानं तो खिडकीपर्यंत नेला आणि परत घडी घातली.

"नको," तो म्हणाला. "राहू द्या चुकीचाच. त्यांनी वाचलेला हा आहे."